कारभाऱ्याचा वाटा

"आधी कारभाऱ्याचा वाटा, मग आपला."

आईचा हा आवाज मायाक्काच्या कानात चोवीस वर्षं तसाच राहिला होता. थोडा घोगरा, चुलीच्या धुरानं बसलेला, आणि शेवटाला किंचित वर जाणारा, जणू पुढं ओवीच सुरू होणार आहे. बहुतेकदा व्हायचीही. मेंढक्याची बायको ती. तीन दगडांची चूल, डोईवर आभाळ आणि घोड्याच्या पाठीवर संसार. जिथं मुक्काम पडेल तिथं तिचे हात आणि तिचा गळा एकदमच कामाला लागत.

पहिला गं माझा घास, वाघरीच्या राखणदारा
मागनं जेवील माझा, कपाळीचा चांदतारा

वाघर म्हणजे मेंढरांभोवती उभं करायचं जाळं, आणि तिचा राखणदार म्हणजे कारभारी, त्यांचं कुत्रं. नाव मायाक्काच्या पणज्यानं ठेवलेलं. कळपाचा खरा कारभार तोच बघतो, आपण नुसते मागनं चालतो, असं म्हातारा म्हणे. एक कारभारी थकून गेला की त्याच्या पिल्लांतलं थोराड बघून तेच नाव त्याला द्यायचं. असे किती कारभारी झाले, कुणी मोजलं नव्हतं.

मेंढरू कापलं किंवा पाय मोडून पडलं, की त्याच्या काळजाला, फुप्फुसाला कधी कधी पाण्यानं भरलेले पांढरे फुगे चिकटलेले निघत. माणसं ते खात नसत. टाकूनही देत नसत. आई सुरीनं तेवढा भाग अलगद सोडवी आणि मायाक्काच्या ओंजळीत ठेवी. "जा, त्याला घाल. फोडू नगंस वाटंत." फुगे गार असत, गुळगुळीत, आतून दुधट. दहा वर्षांच्या पोरीला वाटे, आपण ओंजळीतनं चांदाची पिल्लं नेतोय. कारभारी मागच्या पायांवर बसून वाट बघायचा. झडप कधी घालायचा नाही.

त्याच हिवाळ्यात एका आडदांड मेंढ्यानं आईच्या पोटात धडक दिली. धडक काही मोठी नव्हती. आई हसत उठली, लुगड्याची माती झटकली, मेंढ्याला दोन शिव्या दिल्या. आणि बघता बघता तिच्या अंगभर गांधी उठल्या. ओठ सुजले. श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मायाक्काचे वडील, आबा, मेंढरं टाकून धावत आले, तर तिनं त्यांचं मनगट धरलं आणि एवढंच म्हणाली, "कारभाऱ्याला उपाशी ठिवू नगा."

तेवढंच. कारभारी तीन दिवस तिच्या मातीपासनं हलला नाही. आबा भेटेल त्याला सांगत राहिले, अशा धडकेनं कुठं माणूस जातं? देवीनं बोलावलं. देवीचंच बोलावणं आलं.

*

आता मायाक्का धुळाप्पा कोकरे तालुक्याच्या भाजीबाजारात तपासनीस होती. पत्र्याच्या शेडच्या टोकाला तिची खोली, आणि खोलीत शिवणयंत्राएवढी एक पेटी. पेटीचं नाव माग.

ही पेटी यायला दोन गोष्टी कारण झाल्या. सरकारनं रासायनिक खतावर बंधनं घातली, तशी मेंढरांच्या लेंडीला आणि मुताला पुन्हा मान आला. रानात मेंढरं बसवायला शेतकरी धनगराच्या दारात नंबर लावू लागले. आणि त्याच सुमाराला शहरातल्या माणसांना कच्चं खायचं वेड लागलं. पालक कच्चा, मेथी कच्ची, कोवळी करडई कच्ची. डब्यात भरून ऑफिसला न्यायची. मग पाचसहा वर्षांनी दवाखान्यांतनं कुजबुज सुरू झाली. कुणाच्या काळजात, कुणाच्या फुप्फुसात पाण्याच्या पिशव्या सापडू लागल्या.

पिशवीमागचं शास्त्र तसं साधं आहे. एक जंत आहे, तांदळाच्या कणीएवढा. तो कुत्र्याच्या आतड्यात हजारांनी राहतो आणि कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतनं मातीत येतात, दवाच्या ओलीत महिनोन् महिने तग धरतात, पानाला चिकटतात. मेंढरानं ते पान खाल्लं की अंड्याचा फुगा होतो. फुग्यात पाणी आणि पाण्यात नव्या जंतांची बारीक बारीक डोकी. तो फुगा कुत्र्यानं खाल्ला की फेरा पुरा झाला. माणूस या फेऱ्यात कुणीच नाही. तो मधेच तोंड घालतो, न धुतलेलं पान खातो, आणि मेंढराच्या जागी त्याच्यात फुगा धरतो.

जुन्या यंत्रांना अंडं आहे की नाही, एवढंच कळे. माग त्यापुढं गेली. जुडी औषधी पाण्यात खळबळायची आणि ते पाणी पेटीत ओतायचं. केसाच्या निम्म्या जाडीचं अंडं आतल्या चाळणीत अडकतं. पेटी ते फोडते आणि प्रत्येक जीव ज्या अक्षरांत लिहिलेला असतो ती अक्षरं वाचते. अंड्यासोबत कुत्र्याच्या आतड्याच्या चार पेशी आलेल्या असतात, त्यांचीही वाचते. पिसाळरोगाची लस टोचताना प्रत्येक कुत्र्याच्या गालातनं कापूस फिरवून त्याची अक्षरं नोंदवलेली असतात. पेटी ती जुळवून बघते, आणि पडद्यावर कुत्र्याचं नाव येतं. खाली मालकाचं.

मंगळवारी दुपारी पडद्यावर आलं:

मेथी. बोराटे मळा, माळवाडी. अंडी तीन. श्वान: कारभारी, नर, वय पाच. मालक: धुळाप्पा कोकरे.

मायाक्कानं ते दोनदा वाचलं. मग उठून खोलीचं दार लोटलं.

पुढं काय होतं, हे तिनं इतरांच्या बाबतीत अनेकदा पाहिलं होतं. तपासनिसानं सही केली की संध्याकाळी सहाला तालुक्याच्या सगळ्या फोनवर त्या कळपापुढं लाल ठिपका उमटतो. मग कुणी त्याला रानात बसवून घेत नाही. सकाळी गाडी येते आणि कुत्रं उचलून नेते. नेलेलं कुत्रं परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एकच सुटका होती. सहाच्या आत मालकानं हमी द्यायची, स्वतःच्या तोंडानं, कॅमेऱ्यापुढं, की कुत्र्याला महिन्याच्या महिन्याला जंताची गोळी घालीन आणि मेंढराच्या पोटातलं काही कच्चं घालणार नाही, जाळून पुरीन. दर महिन्याला पुन्हा तपासणी. हमी खोटी निघाली की दुसरी संधी नाही.

आबा अशी हमी देणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. आणि ते का देणार नाहीत, हेही.

अकरा वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला असताना एका बाईंनी वर्गात सांगितलं होतं, "ही पिशवी वीस-वीस वर्षं गप्प बसते. पण पोटाला मार लागून फुटली तर आतल्या पाण्यावर सगळं शरीर उलटून उठतं. अंगावर गांधी येतात, ओठ सुजतात, घसा मिटतो. काही मिनिटांचाच खेळ." बाकीची मुलं वहीत उतरवून घेत होती. मायाक्का उठून बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. तिला मेंढ्याची धडक दिसत होती, आणि लुगड्याची माती झटकणारा हात.

गावी गेल्यावर सांगायचं ठरवलं होतं. गेली, तेव्हा आबा नव्या कारभाऱ्याला मांडीवर घेऊन त्याच्या कानातली गोचीड काढत होते. "तुझ्या आईचा शब्द हाय," ते म्हणाले, "ह्याला कवा उपाशी झोपू दिला न्हाय मी." तिनं सांगितलं नाही. त्याऐवजी तिनं कुत्र्याला भाकरीत दडवून गोळी घातली. मग दर दिवाळीला आणि दर पाडव्याला घालत राहिली. गोळीनं पोट साफ होतं, आणि पुन्हा फुगा खाल्ला की दीड महिन्यात अंडी सुरू होतात. हे काय तिला माहीत नव्हतं? पण आपण काहीतरी करतोय, एवढ्यावर मन गप्प बसायचं.

पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण होतं. नमुना अशुद्ध. नळी फुटली, पाणी सांडलं, असं काही झालं तर वापरायचं.

तिनं ते दाबलं. खात्री आहे? पेटीनं विचारलं. तिनं पुन्हा दाबलं, आणि पडदा कोरा झाला.

*

"दवात धुतलेली मेथी, घ्या ताई, हात लावून बघा, दव हाताला लागंल."

शालन बोराटे बुधवारच्या बाजारात आपल्या जागेवर बसली होती. पुढं मेथीचा हिरवा ढीग, पाठीला ओलं पोतं. ती आणि मायाक्का लहानपणापासनं मैत्रिणी. कळप दर हिवाळ्याला माळवाडीत उतरे आणि चार महिने दोघींची एकच सावली पडे. शालन वाडीचीच लेक आणि वाडीतच दिलेली, त्यामुळं आजही कळप तिच्याच मळ्यात बसे.

"काय गं माये, तुझ्या पेटीचं पोट भरलं का न्हाय? काल माझी दांडगी जुडी गिळली तिनं."

"भरलं."

"मग काय म्हनली?"

"काय न्हाय. नमुना खराब निघाला."

"माझी मेथी खराब?"

"मेथी न्हाय गं. पाणी सांडलं."

"तुला लहानपनी घागर दिली तरी निम्मी सांडायचीस," शालन म्हणाली, आणि हसता हसता थांबली. एका गिऱ्हाइकाला दोन जुड्या दिल्या, वर मूठभर कोथिंबीर टाकली. मग पदरानं तोंड पुसलं. "तेजूला सोमवारी न्यायचंय. जिल्ह्याला. ऑपरेशन हाय."

तेजू तिची मुलगी. आठ वर्षांची, एक दात पडलेली, दोन महिने खोकत असलेली.

"खोकल्याला ऑपरेशन?"

"फोटो काढला छातीचा. लिंबाएवढं गोल दिसतंय आत. डॉक्टर म्हनला, पाण्याची पिशवी हाय, फुटायच्या आत काढाय पायजे. तवर पळायचं न्हाय, उड्या मारायच्या न्हाईत, कुणी धक्का द्यायचा न्हाय. आता त्या पोरीला कसं बसवून ठिवू, सांग? घरात दोरी टांगलीय झोक्याची, ती सोडून ठिवली परवा." शालन जुड्यांची मुळं सारखी करत होती. झालेलीच पुन्हा करत होती. "मला इचारलं, घरात कुत्रं हाय का? म्हटलं, न्हाय बा. मांजर सुदिक न्हाय. मग म्हनला, पोटात गेलं कुठनं? मी म्हटलं, सायेब, आमची पोर भाइरचं काय खात न्हाय. आमचीच मेथी, आमचाच कांदा."

शेडमध्ये कुणीतरी वांग्यांचं पोतं आपटलं.

"चल, जेवू या. तोंड बघ कसं वाळलंय तुझं." शालननं फडकं सोडलं. दोन भाकरी, आणि डब्यात घोळाणा. कच्ची मेथी चिरायची, त्यात कांदा, शेंगदाण्याचं कूट, मीठ, वरनं कच्चं तेल. तेजूला दात आले तेव्हापासनं हाच तिचा खाऊ. मळ्यातली मेथी या वाडीत कुणी धुवत नाही. पाण्यात बुडवली की पान मऊ पडतं, चव जाते. सकाळची, दव असतानाच खुडायची आणि तशीच चिरायची. धुणं म्हणजे पिकावर संशय घेणं. "घे की गं."

"माझा उपास हाय."

"बुधवारचा कसला उपास?"

"धरलाय."

"नवरा न्हाय, पोर न्हाय, कुणासाठी धरलाय गं?" शालननं चेष्टेनं विचारलं आणि घास उचलला.

मायाक्कानं तिचं मनगट धरलं. आईनं जाताना आबांचं मनगट असंच धरलं होतं, ते तिला आठवलं.

"तूबी खाऊ नगंस," ती म्हणाली. "आणि आज इकूबी नगंस. मी पुन्हा तपासते."

शालननं घास डब्यात ठेवला.

"पाणी सांडलं म्हनालीस ना?"

"व्हय."

"बोरं चोरलीस तवाबी असंच सांगितलं हुतंस. आणि असेच कान लाल झाले हुते." तिच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "माये, तेजूच्या पिशवीचं काय ठाव हाय तुला?"

"सांजंपतुर दम धर. आधी एका माणसाला सांगायचंय. मग तुझ्या दारात येते आणि सगळं सांगते."

शालन उठली. पाठीमागचं ओलं पोतं उचललं आणि पुढच्या मेथीवर पसरलं. एक बाई पिशवी उघडून समोर उभी होती. तिला म्हणाली, "आज न्हाय ताई. उद्या या." आणि ढिगापाशी पाय पोटाशी घेऊन बसली.

*

मायाक्कानं त्या ढिगातली जुडी घेतली आणि पुन्हा पेटीला दिली. या वेळी अंडी सहा निघाली. नाव तेच.

जिल्ह्याच्या दवाखान्यातनं आलेली एक नळी दोन दिवस फ्रिजमध्ये पडली होती. रक्त, नावाऐवजी नुसता आकडा लावलेलं. रुग्ण: मुलगी, वय आठ, माळवाडी. काल कारभाऱ्याचं नाव आल्यावर तिनं ती मुद्दाम मागं सारली होती. आज पेटीत ओतली. रक्तात कुत्र्याच्या पेशी नसतात, त्यामुळं नाव येत नाही. पण पिशवीतनं रक्तात झिरपलेल्या अक्षरांवरनं जंतांची वंशावळ येते. पिढीगणिक एखाददुसरं अक्षर बदलत जातं, आणि ते बदल मोजत पेटी मागं मागं जाते, गाळात उठलेल्या खुरांवरनं मेंढका जातो तशी. पडद्यावर एक झाड उभं राहिलं. एका फांदीवर तेजूची पिशवी आणि दुसरीवर मेथीवरची सहा अंडी. दोन्ही एकाच बुंध्याच्या. तो बुंधा कित्येक वर्षं दुसऱ्या कुठल्या कळपात गेलाच नव्हता. मेंढरातनं कुत्र्यात, कुत्र्यातनं मेंढरात, एकाच वाघरीच्या आत फिरत राहिलेला.

घड्याळात पावणेचार झाले होते. तिनं सही केली. काल दाबलेल्या बटणाचंही खरं कारण खाली लिहिलं. मग स्कूटर काढली.

*

आबांचा कळप बोराट्यांच्या वरच्या तुकड्यात उतरला होता. कडेनं वाघर ठोकलेली, आत दोनशे मेंढरं उन्हाला पाठ करून उभी. खालच्या अंगाला मेथीचे वाफे. आईची एक ओवी होती, अशाच रानातली:

दवाचा पडं सडा, मेथीच्या गं पानावरी
माझी मेंढरं निजली, परक्याच्या रानावरी

सकाळी एका मेंढीचा पाय दगडात अडकून मोडला होता. आबांनी ती कापली, वाडीतल्या घरांना वाटे पोचवले, आणि आता पळसाच्या पानांवर उरलेलं ठेवून ते हात धूत होते. सत्तरी उलटली तरी पाठ ताठ. पटका तेवढा सैल झालेला.

"आलीस व्हय? पायगुणाची हाईस. तुझा वाटा काढूनच ठिवलाय."

कारभारी उठून आला. तिच्या गुडघ्याला डोकं घासलं आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला, पळसाच्या एका पानापासनं चार हातांवर. त्या पानावर काळजाचा तुकडा होता, आणि तुकड्याला तीन पांढरे फुगे.

"आबा, ते त्याला घालू नगा."

"कुठलं?"

"काळीज. ते फुगे."

"मग काय तू खाणार हाईस?" आबा हसले. मग तिचं तोंड बघून हसायचे थांबले. "काय झालं गं?"

ती त्यांच्यापुढं मातीत बसली. "त्यात नुसतं पाणी न्हाय, आबा. बी हाय. एका फुग्यात हजार. कुत्र्याच्या पोटात पडलं की जंत उगवतात, कणीएवढं. त्येंची अंडी ह्या रानात पडतात, मेथीला चिकटतात. मेंढरानं खाल्लं की मेंढरात फुगा. माणसानं खाल्लं की माणसात."

"आणि कुत्र्याला काय हुतं?"

"काय न्हाय."

"मग बरंच हाय की. त्याला काय हुत न्हाय, म्हणून त्याला घालतो."

"तेजूला झालंय."

आबांचे ओले हात गुडघ्यावर तसेच राहिले. तेजूला त्यांनी खांद्यावर बसवून अख्खी वाडी दाखवली होती. तिला मेंढरांची नावं पाठ होती, त्यांच्यापेक्षा जास्त.

"छातीत फुगा हाय. सोमवारी कापून काढणार."

"जगंल न्हवं?"

"जगंल. न फुटता निघाला तर."

वारा वाघरीतनं आरपार गेला. आबांनी खालच्या वाफ्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "वाडीत वीस कुत्री हायती."

"ह्येचंच हाय. यंत्रानं नाव काढलंय. कारभारी, आणि खाली तुमचं. सहा वाजता सगळ्यांच्या फोनवर जाईल. सही माझी हाय." तिनं फोन काढून मांडीवर ठेवला. "उद्या त्याला न्यायला गाडी येईल. त्याच्या आत तुम्ही हमी दिली, की गोळी घालीन आणि हे कवाबी घालणार न्हाय, तर त्यो वाचंल. कळपबी वाचंल. फकस्त खरं बोलाय पायजे. दर म्हयन्याला तपासतात."

"तू सही केलीस."

"व्हय."

आबा कुत्र्याकडं बघत होते. कारभारी पुढच्या पंजावर हनुवटी टेकून बसला होता. आपल्याविषयी चाललंय, हे त्याला कळलं असावं. कान ताठ होते.

"मला खोटं बोलता यायचं न्हाय त्या डब्बीत," आबा हळू म्हणाले. "माझ्या बानं ह्येंना घातलं, आज्यानं घातलं. गावंच्या गावं फिरलो आम्ही, पोटच्या पोरांसंगट ही कुत्री झोपली. आमच्यातलं कोण मेलं ह्येनं? सांग की. एक नाव सांग."

मायाक्काची नजर पळसाच्या पानावर गेली.

"न्हाय ना? पोरीला झालं, त्येचं मला वाईट वाटतं गं. पण यंत्राचं बोलणं आणि मेलेल्या माणसाचं बोलणं, ह्यात मी कुणाचं ऐकू? तुझी आई जाताना दुसरं काय बोलली न्हाय. तुझं नाव घेतलं न्हाय. माझं न्हाय. ह्येचं घेतलं. ह्येला उपाशी ठिवू नगा म्हनली. चोवीस वरसं मी तिचा तेवढा शब्द सांभाळला. तिचं माझ्यापाशी दुसरं उरलंयच काय? घोंगडंबी फाटून गेलं."

त्यांनी पळसाचं पान उचललं. फुगे हलले, उन्हात दुधट चमकले. कारभारी मागच्या पायांवर बसला आणि मान वर करून थांबला. आणि आबांनी, तुकडा टाकायच्या आधी रोज करत तसं, आपल्या चिरक्या, सुराला पारख्या आवाजात आईची ओवी धरली.

"पहिला गं माझा घास, वाघरीच्या राखणदारा..."

दुसरी ओळ यायच्या आत मायाक्कानं दोन्ही हातांनी ते पान धरलं. फुगे तिच्या ओंजळीत आले, गार, गुळगुळीत, पूर्वीसारखेच.

"एक नाव हाय, आबा."

आबांनी पानावरचा हात काढला.

"आईच्या पोटात हेच हुतं. असाच एक. मेंढ्याच्या धडकेनं त्यो फुटला, म्हणून अंगावर गांधी उठल्या, म्हणून श्वास कोंडला. देवीनं बोलावलं नव्हतं, आबा. कारभाऱ्याच्या वाट्यातनं आलं हुतं ते. तिला ठाव नव्हतं, म्हणून ती तसं बोलली. तुम्हालाबी ठाव नव्हतं." तिचा आवाज आईसारखा घोगरा झाला होता. "मला हुतं. अकरा वरसं झाली मला कळून. तुमच्या हातातनं तिचा शब्द काढून घ्यायला माझी जीभ उचलली न्हाय, म्हणून गप बसले. आणि तेजू आठ वरसांची हाय, आबा. मी तवाच बोलले असते, तर तिच्या छातीत ह्यो फुगा नसता."